नऊ म्हणजे काय, ते सरांनाच माहीत होतं

निवृत्त होणारे प्राध्यापक संस्थेच्या लायब्ररीला काही द्यायचं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पुस्तकं येतात. त्यातली बरीचशी आमच्याकडे आधीच असतात, काहींना कसर लागलेली असते, आणि तरी आभाराचं पत्र धाडावंच लागतं. वनस्पतिशास्त्र विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांची दोन खोकी आली, त्यांत मात्र पुस्तक एकही नव्हतं. सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉप्या, साडेतीन इंची छोट्या फ्लॉप्या, थोड्या सीडी आणि रेक्झिनच्या पाठीच्या जाडजूड टिपणवह्या. वर चिठ्ठी : ‘देवराया व सडे, १९९२ ते ९८. उपयोग होत असेल तर ठेवा, नाहीतर रद्दीत घाला.’

मी पुण्यातल्या एका विज्ञान संस्थेत ग्रंथपाल आहे. नियतकालिकांची वर्गणी, प्रबंधांची नोंद, वाङ्मयचौर्य तपासणीचे दाखले यात दिवस जातो. ‘संशोधनाचा डेटा जतन करणं’ हे आमच्या कामाच्या यादीत होतं खरं, पण नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालात एक ओळ लिहिण्यापुरतं. या खोक्यांनी ती ओळ खरी करायला लावली.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. सर आणि त्यांचे विद्यार्थी कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या देवराया आणि कातळसडे, म्हणजे उघड्या खडकाची पठारं, पालथे घालत होते. कोणती झाडं कुठे, किती, कोणत्या महिन्यात फुलावर, कोणत्या महिन्यात फळावर, गावकरी त्यांना काय म्हणतात, कशाला वापरतात. त्यावर निबंध छापून आले, पण निबंधात तक्ते असतात दोन-तीन. हजारो ओळींच्या मूळ नोंदी फ्लॉप्यांत राहिल्या. त्यातल्या काही देवराया आता रस्त्यात गेल्यात, काही सड्यांवर चिऱ्याच्या खाणी झाल्यात. म्हणजे ते सर्वेक्षण पुन्हा करतो म्हटलं तरी करता येणार नाही.

संचालकांना पटवायला मी एक आकडा वापरला. २०१४ साली ‘करंट बायॉलॉजी’त एक पाहणी छापून आली होती. वनस्पती आणि प्राण्यांच्या मोजमापांवरचे, १९९१ ते २०११ या काळातले ५१६ निबंध घेऊन त्यांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागायचा, असा साधा प्रयोग. निबंध जितका जुना तितका डेटा मिळणं दुरापास्त. तो शाबूत असण्याची शक्यता निबंधाच्या वयाच्या दर वर्षामागे १७ टक्क्यांनी घसरत गेलेली. कारणं अगदी घरगुती होती. डेटा हरवला, किंवा अशा माध्यमावर आहे जे वाचायला यंत्रच नाही. संचालकांनी फाइलीवर ‘हरकत नाही’ लिहिलं. पैसे मात्र ‘उपलब्ध तरतुदीतून’.

तरतूद म्हणजे भांडार. सव्वापाच इंची फ्लॉपीचा, यूएसबीला लागणारा ड्राइव्ह बाजारात मिळत नाही. आमच्या भांडारात निर्लेखनाच्या यादीत पडलेल्या एका जुन्या पीसीतून तो काढला. आमचा सिस्टिम सांभाळणारा मुलगा उत्साही. त्यानं ग्रीजविझल नावाचं हाताच्या पंजाहून लहान कार्ड मागवलं. जुना ड्राइव्ह एका बाजूला आणि आजचा लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, अशी त्या दोघांची गाठ ते घालून देतं.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही याची तजवीज करायची असते. मोठ्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते, ती चिकटपट्टीनं बुजवली की लिहिणं बंद. छोट्या फ्लॉपीचं नेमकं उलट, तिची खिडकी उघडी ठेवली की लिहिणं बंद. हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा भेटायचं आहे. कोकणातल्या दमट हवेतून आलेल्या काही फ्लॉप्यांच्या फिल्मवर पांढरट बुरशी दिसत होती. तशी फ्लॉपी तशीच फिरवली तर ती स्वतः तर जातेच, वर ड्राइव्हचं हेड घाण होऊन पुढच्या फ्लॉपीलाही ओरबाडतं. म्हणून आधी आवरण कापून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं फिल्म पुसून, वाळवून, मग दुसऱ्या आवरणात. दर फ्लॉपीगणिक हेडही पुसायचं.

फाइली कॉपी करायच्या नाहीत, हा यातला पहिला धडा. आधी अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा काढायची, रिकाम्या जागेसकट, आणि मग मूळ फ्लॉपी बाजूला ठेवून त्या प्रतिमेवर काम करायचं. छोट्या फ्लॉप्यांसाठी डीडीरेस्क्यू वापरलं. ते आधी सोपं सोपं वाचून घेतं आणि अडलेल्या भागाकडे नंतर पुन्हा पुन्हा येतं. परीक्षेला बसलेल्या हुशार पोरासारखं! दोन फ्लॉप्या कशालाच बधल्या नाहीत. बाकीच्या बोलल्या. मोठ्या कष्टानं जमवलेलं ते सगळं एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावलं, कारण छोटी फ्लॉपी भरून भरून १.४४ एमबीची.

इथवरचं काम यंत्रांचं होतं आणि ते निघालं सोपं.

फाइली बहुतेक डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या होत्या. लिबरऑफिस त्या आजही विनातक्रार उघडतं. पण डीबेसमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा लांब ठेवता येत नसे. त्यामुळे रकाने ‘एबीएन’, ‘पीएचएन२’, ‘डीव्हीटी’ असले. आणि गावांची, देवांची, झाडांची स्थानिक नावं जिथे असायला हवीत तिथे फ्रेंच-जर्मन अक्षरांवरच्या टोप्या, टिंबं आणि पौंडाची चिन्हं. आजच्या कोणाही विद्यार्थ्यानं ही फाइल उघडली असती तर ‘करप्ट आहे’ म्हणून मिटली असती. ती करप्ट नव्हती, मराठीत होती. डॉसवर, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं, भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड लावून भरलेली. ते कार्ड देवनागरी साठवायचं ती इस्कीत, १९९१ साली भारतीय मानक झालेल्या संकेतावलीत. इस्कीत एका अक्षराला एक ठरलेला क्रमांक, आणि वेलांटी व्यंजनानंतर, उच्चाराच्या क्रमानं. त्यामुळे ती युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतावलीत नेणं फारसं जड गेलं नाही. एक आज्ञा दिली आणि पडद्यावर टोप्या-टिंबांच्या जागी ‘श्रीदेवी वाघजाई’, ‘रवळनाथ’, ‘जाखमाता’ अशी रांग उभी राहिली. सिस्टिमचा मुलगा खुर्चीतून उठलाच.

खरा जीव खाल्ला तो नंतरच्या वर्षांतल्या वर्डच्या फाइलींनी. त्या आयएसएम या सी-डॅकच्याच टायपिंग सॉफ्टवेअरवर, सुरेख-योगेश वळणाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. इथे साठवलेलं असतं अक्षर नव्हे तर अक्षराचं चित्र : अर्धा श वेगळा, काना वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी. फुकटातल्या एका कन्व्हर्टरनं ‘खडशिंगी’चं सर्रास ‘खडिशंगी’ केलं. रफार तर कुठेही जाऊन बसायचे. शेवटी आमच्या एका अर्धवेळ मदतनीस मुलीनं छापील टिपणं शेजारी ठेवून ओळन् ओळ वाचली. मराठी साहित्याची एम.ए. आहे ती. झाडांची नावं तिला माहीत नव्हती, पण चुकीचा शब्द डोळ्याला टोचतो ही तिची ताकद कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

आता वाचता येत होतं. कळत मात्र नव्हतं.

सर दर मंगळवारी यायला लागले. संदर्भ विभागाच्या मागे एक टेबल आहे, तिथे मी, लॅपटॉप, सर आणि वह्या. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, “सर, या एबीएनच्या रकान्यात शून्य ते पाच आकडे आहेत. झाड किती प्रमाणात आहे ते असावं. पण मध्येच नऊ येतात.”

“नऊ म्हणजे बघितलं नाही.”

“म्हणजे?”

“अहो मॅडम, पोरं निम्म्या देवराईत पोचली की पाऊस यायचा. जळवा. संध्याकाळ. उरलेला भाग बघायचा राहिला की नऊ टाकायचं ठरलं होतं.”

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. निबंधांत नाही, फ्लॉपीवर नाही, वहीत नाही. कोणी सरळ सरासरी काढली असती तर जिथे हिरडा कोणी पाहिलाच नव्हता तिथे तो सगळ्यांत दाट निघाला असता, आणि त्यावर एक झकास निबंध झाला असता.

“आणि शून्य?”

“शून्य म्हणजे शोधलं, नाही सापडलं.”

“आणि रिकामी चौकट?”

यावर सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “ते भरणाऱ्यावर आहे.” एंट्री दोन विद्यार्थ्यांनी केलेली. एक जण शून्य टाकायचा कंटाळा करायचा, म्हणजे त्याची रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’. दुसरीची रिकामी चौकट म्हणजे ‘माहीत नाही’. सुदैवानं शेवटच्या रकान्यात भरणाऱ्याची आद्याक्षरं होती. मूळ रकाना आम्ही हात न लावता तसाच ठेवला आणि शेजारी नवा काढला : ‘आढळलं’, ‘शोधलं पण नाही’, ‘पाहिलं नाही’, ‘सांगता येत नाही’. हा शेवटचा पर्याय घालताना सरांना थोडं लागलं, पण त्यांनीच तो आग्रहानं घालायला लावला.

तारखांचा घोळ याहून मजेदार होता. काही फाइलींत तारीख साध्या मजकुरासारखी भरलेली : ५/६/९४. ही पाच जून की सहा मे? डीबेस मुळात अमेरिकन पद्धतीनं महिना आधी दाखवायचं; ब्रिटिश पद्धत हवी तर तशी सूचना द्यावी लागे. एका मशीनवर ती दिलेली होती, दुसऱ्यावर नव्हती. बारापेक्षा मोठा आकडा पहिल्या जागी आला की निकाल लागायचा. बाकीच्यांसाठी वह्या. ५/६/९४ च्या नोंदीसमोर वहीत होतं : ‘सकाळपासून धो धो. सड्यावर डबकी भरली. वायतुऱ्याचं नाव नाही.’ मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोकणातल्या सड्यावर डबकी भरत नाहीत, म्हणजे जून. फुलोऱ्याच्या अभ्यासात एक महिन्याचा फरक म्हणजे सगळंच उलटंपालटं. कारण असल्या नोंदींकडे लोक आता हवामानबदलाच्या प्रश्नासाठी येतात आणि तिथे आठवड्या-दोन आठवड्यांच्या सरकण्यावर वाद असतो.

म्हणून वह्या स्कॅन करायच्याच असं ठरलं. आधी त्या यादीत नव्हत्या. डिजिटल डेटा जपायचा म्हणजे डिजिटल तेवढंच जपायचं, अशी आमच्या समितीची समजूत होती. सड्यावरच्या डबक्यांनी ती काढून टाकली.

झाडांच्या नावांवर सरांनी एक दिवस पुरा घेतला. त्यांच्या नोंदीत खैर ‘अकेशिया कटेचू’. आज तो ‘सेनेगालिया कटेचू’. व्हिएन्नातल्या २००५ च्या आणि मेलबर्नमधल्या २०११ च्या वनस्पतिशास्त्रीय काँग्रेसनंतर अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या मंडळींकडे राहिलं, आपला खैर सेनेगालियात गेला, बाभूळ व्हॅचेलियात. “खैर तिथंच उभा आहे, नाव तेवढं ऑस्ट्रेलियाला गेलं,” सर म्हणाले. नव्या नावांना त्यांचा विरोध नव्हता, पण १९९४ साली त्यांनी लिहिलेलं खोडू द्यायला ते तयार नव्हते, आणि यात ते शंभर टक्के बरोबर होते. जैवविविधतेच्या नोंदींसाठी डार्विन कोर नावाची जी सर्वमान्य रकान्यांची चौकट आहे, तिच्यात जसं लिहिलं होतं तसं नाव ठेवायला वेगळी जागा आहे आणि आजच्या मान्य नावाला वेगळी. दोन्ही भरली. जिल्ह्यांचंही तसंच. वहीतलं जव्हार ठाणे जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघरमध्ये.

जागेचे अक्षांश-रेखांश बहुतेक सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरून मोजपट्टीनं काढलेले. ते नकाशे ‘एव्हरेस्ट’ नावाच्या, पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती गोलावर बेतलेले, आजचे मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ या नव्या गोलावर. तेच आकडे तसेच आजच्या नकाशावर टाकले तर आपल्या भागात जागा शंभरेक मीटर सहज सरकते. छोट्या देवराईच्या बाबतीत याचा अर्थ भातशेतात जाऊन उभं राहणं. शेवटच्या वर्षी त्यांच्याकडे जीपीएस आलं होतं, पण अमेरिकन सरकार तेव्हा नागरी जीपीएसचा संकेत मुद्दाम ढोबळ ठेवत असे. तो प्रकार मे २००० मध्ये थांबला. सर ते जीपीएस म्हणजे अगदी अचूक असं धरून चालले होते. आकडे रूपांतरित केले, आणि प्रत्येक जागेपुढे ‘किती मीटर इकडेतिकडे असू शकेल’ हा रकाना भरला. माझ्या मते अख्ख्या तक्त्यातला हा सगळ्यांत प्रामाणिक रकाना आहे.

साठवणुकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण जगानं तो भाग नीट बसवून दिला आहे. मूळ प्रतिमा, मूळ डीबेस फाइली, त्यांच्या युनिकोडमधल्या (यूटीएफ-८) सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइली, वह्यांची स्कॅन पीडीएफ-ए या जतनासाठीच्या पीडीएफमध्ये, आणि ‘आधी हे वाचा’ नावाची मराठी-इंग्रजी फाइल. ही शेवटची फाइल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ खाऊन गेली. मंगळवारच्या बैठकींचा सगळा ऐवज तिच्यात आहे. प्रत्येक फाइलीचा शा-२५६ पद्धतीनं ६४ अक्षरांचा ठसा काढायचा. फाइलीत एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. या ठशांची यादी आणि फाइली एका ठरलेल्या बांधणीच्या पिशवीत. तिचं नावही बॅगइट. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीनं रूढ केलेली ही पद्धत २०१८ साली इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदली गेली. प्रती तीन : एक आमच्या सर्व्हरवर, एक इमारतीतच पण बंद कपाटातल्या डिस्कवर, एक दुसऱ्या शहरात. दरसाल ठसे पडताळायचे. पहिल्याच पडताळणीत कपाटातल्या डिस्कवरच्या एका वहीच्या स्कॅनचा ठसा जुळला नाही. फाइल उघडत होती, पानं दिसत होती. एक पान मात्र खालच्या अर्ध्यात करडं. दुसरी प्रत तिच्या जागी ठेवली. ठसे नसते तर ते करडं पान कोणी तरी दहा वर्षांनी पाहिलं असतं, कदाचित तिन्ही प्रतींत.

या सगळ्याच्या मुळाशी जी संदर्भचौकट आहे, ओएआयएस, आयएसओ १४७२१, ती लायब्ररीवाल्यांनी केलेली नाही. अवकाश संस्थांच्या एका समितीनं केली. आश्चर्य वाटायला नको. अपोलो ११ च्या चांद्रउतरणीच्या मूळ टेप नासानं शोधायला घेतल्या तेव्हा त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ साली जाहीर करावा लागला. त्या चौकटीतला एक मुद्दा मला फार पटतो : डेटा कोणासाठी ठेवताय ते आधी ठरवा, आणि त्या माणसाला कोणाला न विचारता तो समजेल एवढी माहिती सोबत ठेवा. ‘कोणाला न विचारता’ हे शब्द मी टेबलावर चिकटवलेत.

डेटा कोणाचा, हा प्रश्न मात्र आयएसओ सोडवत नाही. सरांचं उत्तर : “पैसे सरकारचे, पाय पोरांचे, मी फक्त सह्या केल्या.” प्रकल्प केंद्र सरकारच्या अनुदानावर, जागा संस्थेची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय डेटाबेससारखी संकलनंही साहित्यकृतीत मोडतात, त्यामुळे ‘ही तर नुसती माहिती’ म्हणून सोडता येत नाही. संस्थेकडून लेखी परवानगी घेतली. विद्यार्थ्यांना शोधणं चालू झालं. एक जण प्राध्यापक, एक अमेरिकेत, एकाचं सांगलीकडे द्राक्षाच्या औषधांचं दुकान. त्याला फोन केला तेव्हा आधी त्याला वाटलं काहीतरी वसुली आहे. डेटाला कायमचे ओळखक्रमांक देणाऱ्या डेटासाइट संस्थेच्या नोंदणीत ‘डेटा गोळा करणारे’ अशी वेगळी भूमिका असते, तिथे तुमचं नाव घालतोय म्हटल्यावर तो म्हणाला, “निबंधावर नव्हतं हो आमचं.” सरांसमोर मी हे वाक्य बोलले नाही. पण नावांची यादी सरांनी स्वतःच आणून दिली होती, आद्याक्षरांसकट.

मग उघडं काय ठेवायचं ते. लायब्ररीवाल्यांना सगळं उघडं ठेवायची खोड असते, मलाही आहे. पण कंदीलपुष्पाच्या आणि काही ऑर्किडच्या जागा अचूक दिल्या तर पहिला वापर कोण करणार ते सरांना पक्कं माहीत होतं. एका सड्यावरून दोन पावसाळ्यांत कंद खणून नेलेले त्यांनी पाहिले होते. तेव्हा अशा जातींच्या जागा उघड्या फाइलीत एक दशांश अंशापर्यंत गोल केल्या, म्हणजे साधारण अकरा किलोमीटरचा चौकोन. अचूक आकडे वेगळ्या, मागणी केल्यावर मिळणाऱ्या फाइलीत.

‘औषधी उपयोग’ या रकान्याशी आम्ही सगळ्यांत जास्त अडलो. म्हाताऱ्या बायांनी, गुरवांनी, धनगरांनी १९९३-९४ साली अंगणात बसून सांगितलेलं. काही ठिकाणी सांगणाऱ्याचं नाव, गाव. तेव्हा कोणी संमतिपत्र घेत नसे, आणि सांगणाऱ्यानं ते शिकायला आलेल्या पोरांना सांगितलं होतं. जगभरातल्या कोणाही कंपनीला नाही. डेटा सापडण्याजोगा, मिळण्याजोगा, जुळण्याजोगा आणि पुन्हा वापरण्याजोगा असावा ही २०१६ सालची फेअर तत्त्वं सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या शेजारी २०१९ सालची केअर तत्त्वं उभी आहेत, ज्यांचं ज्ञान त्यांचा अधिकार आधी असं सांगणारी. ती आमच्या समितीत कोणी वाचलेली नव्हती. मी प्रती काढून वाटल्या. नावं काढायची यावर लगेच एकमत झालं. रकान्यावर झालं नाही. तो आम्ही बाहेर ठेवला आणि ‘असा रकाना आहे, सध्या दिलेला नाही’ हे मात्र उघड लिहिलं.

ठेवायचं कुठे, यावर अनेक मतं आली. शोधगंगा सुचवली गेली, पण ती प्रबंधांसाठी. जनुकीय क्रमवारी असती तर फरिदाबादचं भारतीय जैविक डेटा केंद्र होतं. खोडदच्या जीएमआरटीसारख्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा स्वतःचा डेटासंग्रह असतो. तिथला निरीक्षणांचा डेटा राखीव मुदत संपली की कोणालाही मागता येतो. अडचण होते ती आमच्यासारख्या किरकोळ, खोक्यातल्या डेटाची. आमचं स्वतःचं डिजिटल भांडार डीस्पेसवर आहे, एमआयटी आणि एचपीनं २००२ साली खुलं केलेलं सॉफ्टवेअर. चांगलं आहे, पण आमचा सर्व्हर मधूनमधून रुसतो आणि नव्या संचालकांबरोबर संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ताही बदलू शकतो. तेव्हा तिथे नोंद आणि एक प्रत, आणि मुख्य प्रत झेनोडो या संशोधन-डेटाच्या खुल्या भांडारावर. ते २०१३ पासून सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या यंत्रांवर चालतं, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा देतं, पैसे घेत नाही. आमचं सगळं स्कॅनसकट त्याच्या जवळपासही गेलं नाही. आढळाच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या काढून जीबीआयएफ या जैवविविधतेच्या जागतिक डेटा-जाळ्याकडे.

झेनोडोवर डीओआय, म्हणजे नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक, आधीच राखून ठेवता येतो, म्हणजे तो ‘आधी हे वाचा’ फाइलीतही छापता येतो. शीर्षक मराठी आणि इंग्रजी दोन्ही. विषयशब्दांत ‘देवराई’ देवनागरीतही घातला आणि ‘सडा’ही. एकदा प्रकाशित केलं की फाइल सहसा बदलता येत नाही. दुरुस्ती करायची तर नवी आवृत्ती, तिला नवा डीओआय, आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक कायमचा. बटण दाबायला सरांनाच बसवलं. त्यांनी आधी सगळ्या फाइलींची नावं मोठ्यानं वाचली, न वाचता आलेल्या दोन फ्लॉप्यांची नोंद आहे ना ते पाहिलं, मग दाबलं. लगेच विचारलं, “आता हे मी गेल्यावर कोण बघणार?” मी म्हटलं, “सर्न.” “अहो, प्रश्नांचं म्हणतोय मी. विचारतील ना लोक.” म्हणून नोंदीवर संपर्क म्हणून लायब्ररीच्या पदाचा ई-मेल आहे, कोणा व्यक्तीचा नाही.

लोकांनी विचारलं. पहिलीच मागणी कंदीलपुष्पाच्या अचूक जागांची, संस्था नाही, कारण नाही, ‘पर्सनल इंटरेस्ट’. नकार. कोल्हापूरकडची एक संशोधक त्याच सड्यांवर पुन्हा जाऊन तुलना करतेय; तिनं जागा पुढे न देण्याचं लिहून दिलं आणि तिला फाइल मिळाली. तिनं कळवलं की आमच्या ‘पाहिलं नाही’ या रकान्यामुळे तिची यादी निम्म्यावर आली, आणि ते बरं झालं.

सगळ्यांत चांगलं पत्र आलं ते देवगड तालुक्यातल्या शिरगावच्या एका शिक्षकाचं. त्यांनी फाइल उघडून आपलं गाव शोधलं होतं, आणि लिहिलं होतं की तुम्ही दिलेला देव आमचा नव्हे, आणि ही झाडंही आमच्या राईत नाहीत. शिरगाव चिपळुणातही आहे, रत्नागिरी तालुक्यातही. सरांना फोन केला, त्यांनी वही क्रमांक सांगितला, स्कॅन उघडलं : वहीत तालुका चिपळूण, फ्लॉपीत देवगड. एंट्री करताना गेलं होतं. दुसरी आवृत्ती काढली, शिक्षकांचं नाव त्यांना विचारून आभारात घातलं, आणि पहिली आवृत्ती जागच्या जागी ठेवली, कारण तोवर तिचा हवाला कोणी दिला असेल तर त्याला तीच सापडायला हवी.

त्याच पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं की ‘सध्या दिलेला नाही’ असा तो रकाना आमच्या गावाला तरी मिळेल का, आजी आता नाही, पण तिनं काय सांगितलं होतं ते पोरांना शिकवता येईल. आता त्या रकान्याची वाटणी गाववार करून ज्या-त्या ग्रामपंचायतीकडे छापील प्रत पाठवायचं चाललंय. बाहेर खुलं करायचं की नाही ते त्यांनी ठरवून कळवावं, असं पत्र सोबत. काही ठिकाणांहून उत्तर आलंय. चिपळूणच्या शिरगावनं आधी दुरुस्त यादी मागितली आहे.